मॅच चालू असताना गेलेल्या माणसासाठी टाळ्या वाजवाव्यात का? (आणि आमच्या थर्मासकाकांसाठी काय करावं?)

डावा_विंगर (इंदूर) | सोमवार, रात्री ११.१०

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

दर रविवारी सकाळी सुदामा नगरच्या बाजूला एका मैदानावर आम्ही फुटबॉल खेळतो. मैदान म्हणजे अर्ध्यात गवत आणि अर्ध्यात लग्नाच्या मांडवाचे खड्डे. खेळणारे १६ ते ५२ वयाचे. प्रेक्षक म्हणाल तर दोन कुत्री, पोह्याच्या गाडीवर थांबलेली गिऱ्हाइकं आणि एक काका.

हे काका नऊ वर्षं न चुकता यायचे. घडीची खुर्ची, मे महिन्यातसुद्धा माकडटोपी, आणि स्टीलचा मोठा थर्मास. हाफटाइमला दोन्ही टीमना त्यातला चहा मिळायचा, त्याच झाकणातून, पाळीपाळीने. समोरची टीम बाहेरची असली तरी आधी त्यांना. स्वतः कधी खेळले होते की नाही, देव जाणे. पण ओरडायचे असे की गाडीवरचा पोहेवाला दचकायचा. वाक्य ठरलेलं: "अरे पास दे, पास! घरी नेणारेस का बॉल?"

मागचे दोन रविवार आले नाहीत. आम्हाला वाटलं, पुण्याला मुलीकडे गेले असतील. मग पोहेवाल्याकडून कळलं की गेले. पेपरात उठावन्याची (म्हणजे शोकसभेची) जाहिरात आली होती. आमच्यातल्या तिघांनी ती वाचली होती आणि पान उलटलं होतं. फोटो टोपीशिवायचा, त्यामुळे चेहरा ओळखू आला नाही, आणि नाव वाचून ओळखावं तर नऊ वर्षांत ते कोणी विचारलंच नव्हतं. 'थर्मासकाका' एवढंच. वय ७१.

या रविवारी महूच्या एका टीमबरोबर मॅच आहे. माझा मुलगा (वय १९, रात्री जागून युरोपातल्या मॅच बघतो) म्हणाला की तिकडे एखादा समर्थक गेला की त्याच्या वयाइतक्या मिनिटाला सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवतं. मॅच थांबत नाही, खेळ चालू आणि टाळ्याही चालू. आपणही तसंच करू म्हणाला. यावर आमचा गोलकीपर भडकला. "माणूस मेल्यावर टाळ्या? लाज आहे का?"

तर दोन प्रश्न. हे टाळ्या प्रकरण आलं कुठून आणि आपल्याकडे शोभेल का? आणि दुसरा, व्यवहाराचा: आमची मॅच ३०-३० मिनिटांची असते. काकांचं वय ७१.

---

बघ्या | सोमवार, रात्री ११.२२

६० मिनिटांच्या मॅचमध्ये ७१वं मिनिट कुठून आणणार? धागा गणित विभागात हलवा.

---

भिया_इंदोरी | सोमवार, रात्री ११.३१

भिया, पहिलाच धागा आणि जिलबी नाही पाडली, अभिनंदन! नाहीतर आपल्या इंदूरकरांचा प्रत्येक धागा तिसऱ्या प्रतिसादात सराफ्यातल्या खाण्यावर जातो. (हा दुसराच आहे, म्हणून मी थांबलो.)

माझं मत: टाळ्या वाजवा. काका आयुष्यभर ओरडले, त्यांना दोन मिनिटं गप्प उभं राहून काय पाठवून राहिले तुम्ही?

---

ऑफसाइड_आजोबा | मंगळवार, सकाळी ६.०५

मला अजिबात पटत नाही. टाळी ही शाबासकीची खूण. मृत्यूपुढे मान खाली घालायची असते. आमच्या शाळेत ३० जानेवारीला अकराचा भोंगा झाला की जो जिथे असेल तिथे थांबायचा. जिन्यावर असलात तर जिन्यावर. त्या दोन मिनिटांत घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. ती शांतता आजही आठवते. टाळ्या कोणाला आठवतात?

शिवाय मॅच चालू असताना! म्हणजे एकीकडे कोणीतरी गेल्याचं दुःख आणि त्याच वेळी कॉर्नर किक. हे म्हणजे श्राद्धाला बसून स्कोअर विचारण्यासारखं झालं.

---

मर्सीसाइड_मंग्या | मंगळवार, सकाळी ९.४८

आजोबा, तुमचा आदर राखून थोडं लांबलचक लिहितो. चहा घेऊन बसा.

तुम्ही म्हणता ती दोन मिनिटांची शांतताही तिकडूनच आलेली आहे. पहिलं महायुद्ध संपल्याला वर्ष झालं तेव्हा, ११ नोव्हेंबर १९१९ ला, ब्रिटिश साम्राज्यभर ती पहिल्यांदा पाळली गेली. तेव्हा 'आपली' आणि 'त्यांची' असा भेद इथे फारसा चालत नाही.

फुटबॉलमध्येही आधी मौनच होतं. अडचण अशी की ४० हजार माणसांमध्ये ४ जण दारू पिऊन आलेले असतात आणि समोरची टीम हाडवैरी असते. मौनात एक जण जरी ओरडला तरी तो सगळ्या स्टेडियमला ऐकू जातो. टाळ्यांत तो बुडून जातो. टाळ्या आल्या त्यामागे हे एक अगदी व्यवहारी कारण आहे, भावनेचं नाही. इटलीत ही पद्धत आधीपासून होती. इंग्लंडमध्ये ती जोरात पसरली ती नोव्हेंबर २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा रंगेल स्टार जॉर्ज बेस्ट गेला तेव्हा. आता बेस्टसारख्या माणसाला टाळ्याच हव्यात, त्याच्यासाठी गप्प कोण बसणार?

उलटं उदाहरणही देतो, म्हणजे पक्षपात नको. म्युनिकला मँचेस्टर युनायटेडच्या टीमच्या विमानाला अपघात झाला होता. त्याला ५० वर्षं झाली तेव्हा, १० फेब्रुवारी २००८ ला, युनायटेडच्या मैदानावर नेमकी त्याच शहरातल्या हाडवैरी मँचेस्टर सिटीशीच मॅच होती. सिटीचे लोक मौन मोडतील अशी भीती होती, त्यापेक्षा टाळ्याच ठेवा अशी सूचनाही झाली होती. पण मौनच ठेवलं आणि ते पूर्ण पाळलं गेलं. नंतर सिटीने मॅच २-१ ने जिंकली ते सोडा.

वयाच्या मिनिटाला टाळ्या ही पुढची पायरी. ती बहुतेक वेळा क्लब ठरवत नाही, प्रेक्षकच ठरवतात. कोणीतरी आदल्या दिवशी सोशल मीडियावर लिहितो, 'आमचा अमुक गेला, ३४व्या मिनिटाला उभे राहा', आणि त्याला कधीही न भेटलेली हजारो माणसं उभी राहतात. मला यातलं हेच आवडतं. तो माणूस खेळाडू नव्हता, त्याच्या नावाचा शर्ट कधी विकला गेला नाही. तिकीट काढून येत होता, एवढीच त्याची कामगिरी.

---

सुमेधा_र | मंगळवार, सकाळी १०.१५

आजोबा, टाळी म्हणजे फक्त शाबासकी असं कोणी सांगितलं? आरतीला टाळ्या वाजवतो त्या गणपतीला 'छान केलंस' म्हणून वाजवतो का?

माझे आजोबा माळकरी होते. त्यांना नेलं ते टाळ-मृदंगाच्या गजरात. शेजारच्या एका काकू म्हणाल्या होत्या, काय ही मिरवणूक. आजी म्हणाली, "जन्मभर टाळ वाजवले त्यांनी, आजच कसे बंद करू?"

तेव्हा थर्मासकाकांसाठी जे वाजायचं ते वाजू दे.

---

ऑफसाइड_आजोबा | मंगळवार, सकाळी १०.४०

आरतीचा मुद्दा बिनतोड आहे. तो मला सुचायला हवा होता. तरीही कॉर्नर किकचं काय?

---

तिसरी_घंटा | मंगळवार, दुपारी १.२०

मौनाची दुसरी बाजू सांगते. आमच्या गावात नाटकाला जाणारा मराठी माणूस भरपूर, आणि तिसरी घंटा झाल्यावर पडदा उघडण्याआधी कोणा ना कोणासाठी 'दोन मिनिटं' असतातच. मी एकदा घड्याळ लावून मोजली. ३८ सेकंद. त्यात दोन मोबाइल वाजले, एका बाईंनी पर्समधून चॉकलेटचा कागद काढला (तो आवाज नरकात ऐकू येतो), आणि मागून कोणीतरी कुजबुजलं, "कोण गेलं?" शेजारचा म्हणाला, "माहीत नाही, उभा राहा."

मौनात माणूस बहुतेक वेळा आता संपेल का एवढाच विचार करतो. टाळी निदान हाताने वाजवावी लागते.

---

गोपाचल (ग्वाल्हेर) | मंगळवार, दुपारी ३.०२

माझा विरोध आजोबांपेक्षा वेगळा आहे, म्हणून लिहितो.

मी इंग्लिश लीग पंधरा वर्षं बघतोय. आधी वर्षातून एकदा-दोनदा टाळ्या व्हायच्या आणि अंगावर काटा यायचा. आता काही हंगामांत एकाच मॅचमध्ये दोन दोनदा बघितल्यात. कॉमेंटेटरला कारण माहीत नसतं, समोरच्या प्रेक्षकांना माहीत नसतं, तेही वाजवतात. वाजवणारा मनातून विचारतो की कोण गेलं आणि उत्तर न मिळताच खाली बसतो. तिसरी_घंटा यांचं ३८ सेकंदांचं मौन आणि ही टाळी यांत मला तरी फरक दिसत नाही. दोन्ही उरकलेली.

आणि खेळाडू? १७ वर्षांचा पोरगा पहिल्यांदा मैदानात उतरलाय, पहिला क्रॉस टाकतो आणि स्टेडियम टाळ्यांनी दणाणतं. तो बिचारा खूश. नंतर कळतं की टाळ्या भलत्यासाठीच होत्या.

माझं म्हणणं एवढंच, की ज्याला सगळे ओळखत होते त्याच्यासाठी जे करायचं ते करा. हिशोबाने, मिनिट लावून, दर आठवड्याला नको.

---

भिया_इंदोरी | मंगळवार, दुपारी ३.१०

ग्वाल्हेरवाले लष्करातून बोलून राहिले, शिस्त तर असणारच.

---

गोपाचल (ग्वाल्हेर) | मंगळवार, दुपारी ३.१४

लष्कर हे आमच्या गावाच्या भागाचं नाव आहे हो, मी फौजेत नाही. इंदूरकरांना भूगोल कधी शिकवणार?

---

बघ्या | मंगळवार, दुपारी ३.१५

पॉपकॉर्न आणलंय. चालू द्या.

---

हुगळीकाठचा | मंगळवार, सायंकाळी ७.३०

आठ वर्षं बँकेच्या नोकरीनिमित्त कोलकात्यात काढली, म्हणून जरा आपल्या देशातलं सांगतो. सगळे इंग्लंडला का पळताय?

१६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. मैदानावरच्या धसमुसळ्या खेळाचा भडका गॅलरीत उडाला, मारामारी, मग चेंगराचेंगरी. १६ माणसं मेली. मॅच बघायला आलेली साधी माणसं, घरून जेवून निघालेली. तेव्हापासून तिथे १६ ऑगस्ट हा 'फुटबॉलप्रेमी दिवस' म्हणून पाळतात आणि त्या दिवशी रक्तदान होतं. दोन्ही क्लबांचे लोक येतात. एरवी ही मंडळी एकमेकांच्या घरी माशाच्या प्रकारावरूनसुद्धा भांडतात. ईस्ट बंगालची इलिश आणि मोहन बागानची कोळंबी.

मी गेलो होतो एका वर्षी. ना मौन, ना टाळ्या. शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ पडले होते, बाटली भरत होती आणि ते छताकडे बघत मला १९७५च्या एका मॅचबद्दल ऐकवत होते. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही, बंगाली यायचं नाही. पण ते ज्या तऱ्हेने सांगत होते त्यावरून त्यांच्या शेजारची खुर्ची कधीतरी रिकामी झाली असावी असं वाटलं.

डावा_विंगर, रक्तदानाचा विचार करा. अर्थात ५२ वर्षांचे लोक मॅच खेळून लगेच रक्त देऊ नका.

---

सुरसागर (बडोदे) | मंगळवार, रात्री ९.०५

आमच्याकडे बेसणं असतं. पांढरे कपडे, दोन तास, गुरुजींचं भजन किंवा टेपवर गीता, आणि सगळे एका ओळीत हात जोडून बाहेर. मराठी घरांतही आता हेच. माझे वडील दांडिया बाजारातल्या एका जुन्या व्यायामशाळेत जायचे. ते गेले तेव्हा तिथले म्हातारे बेसण्याला आलेच नाहीत. मला राग आला होता. दोन दिवसांनी मुद्दाम गेलो तर कळलं, त्यांनी त्या दिवशी पहाटे वडिलांच्या वाटणीचे जोर आपसांत वाटून काढले होते. वडील रोज शंभर मारायचे. सहा जणांनी मिळून शंभर पुरे केले. त्यात एक जण ७८ वर्षांचा, त्याने चार मारले.

मिनिट वगैरे नंतर बघा. तुमच्या काकांचं जे काम होतं ते त्या दिवशी कोणी करायचं, ते आधी ठरवा.

(अवांतर: पोह्याच्या गाडीचा उल्लेख वाचून भूक लागली. तरी शेव उसळीची सर नाही.)

---

भिया_इंदोरी | मंगळवार, रात्री ९.०८

शेवेवरून इंदूरला शिकवू नका. बाकी प्रतिसादाला दंडवत.

---

ऱ्हाईनकाठी (सध्या जर्मनी) | बुधवार, पहाटे ३.४०

मौनाच्या बाजूने एक साक्ष देतो, पण ते मौन कोणी जाहीर केलं नव्हतं.

१३ मार्च २०१६, डॉर्टमुंड विरुद्ध माइन्झ. तिथली दक्षिणेची भिंत म्हणजे उभ्याने मॅच बघणारे पंचवीसेक हजार लोक, अखंड गाणी आणि ढोल. त्या दिवशी स्टेडियममध्येच एका वयस्कर समर्थकाला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. मध्यंतरापर्यंत बातमी कानोकान पसरली. दुसऱ्या अर्ध्या खेळात गाणी थांबली, ढोल थांबले, झेंडे खाली आले. ८० हजारांच्या वर माणसं आणि चेंडूला लाथ बसल्याचा आवाज ऐकू येतोय. पाहुण्या टीमचे समर्थकही गप्प झाले. खेळाडूंना कळेना झालंय काय. डॉर्टमुंड दोन गोलांनी जिंकलं, जल्लोष नाही. शेवटी सगळ्यांनी स्कार्फ वर धरून 'यू'ल नेव्हर वॉक अलोन' म्हटलं.

आजोबा, कॉर्नर किकचं उत्तर यात आहे बघा. त्या ४५ मिनिटांत कॉर्नर किक झाल्याच असतील.

---

मर्सीसाइड_मंग्या | बुधवार, सकाळी ९.१५

ते गाणं आमच्या क्लबचं, आणि ते निघालंच आहे तर लिव्हरपूलचा माणूस म्हणून मला राहवत नाही.

१५ एप्रिल १९८९ ला हिल्सबरो स्टेडियममध्ये एफए कपच्या उपांत्य फेरीत आमची माणसं चिरडून मेली. आज तो आकडा ९७ आहे. शेवटचे गृहस्थ ३२ वर्षं ती इजा घेऊन जगले आणि २०२१ मध्ये गेले. ती मॅच तीन वाजून सहा मिनिटांनी थांबवली होती. चार दिवसांनी मिलानमध्ये एसी मिलान आणि रिआल माद्रिदची युरोपियन कपची मॅच होती, म्हणजे आमचा काही संबंध नाही. सहाव्या मिनिटाला रेफरीने शिट्टी मारून खेळ थांबवला. आणि इटालियन प्रेक्षक आमचं गाणं म्हणायला लागले. उच्चार भयंकर. मी ती चित्रफीत वर्षातून एकदा बघतो, दरवर्षी बायको विचारते डोळ्यांत काय गेलं.

गोपाचल, मिनिटाचा हिशोब पोकळ असतो असं तुम्ही म्हणता, पण सहा या आकड्यात काय भरलंय बघा. कैरोच्या अल अहलीचे ७२ समर्थक १ फेब्रुवारी २०१२ ला पोर्ट सईदच्या स्टेडियममध्ये मारले गेले; त्यांचे लोक ७२वं मिनिट विसरत नाहीत. ग्रीसमध्ये ऑलिंपियाकोसच्या स्टेडियममध्ये सातव्या दरवाजाशी ८ फेब्रुवारी १९८१ ला २१ जण चेंगरून मेले, टीम ६-० ने जिंकली म्हणून आनंदात बाहेर धावत असताना. नवीन स्टेडियम बांधलं तेव्हा तिथल्या लाल खुर्च्यांमध्ये काही काळ्या ठेवल्या. लांबून बघितलं की ७ आकडा दिसतो.

---

गोपाचल (ग्वाल्हेर) | बुधवार, सकाळी ११.००

मंग्या, ही सगळी उदाहरणं दुर्घटनांची. तिथे अख्खं शहर रडलेलं असतं, तिथे आकड्याला अर्थ असणारच. मी बोलतोय ते एकट्यादुकट्या माणसाबद्दल, जो घरी अंथरुणावर गेला. विषय भरकटवू नका.

---

सुमेधा_र | बुधवार, सकाळी ११.४५

मग एकट्यादुकट्याचं घ्या. संडरलँड या इंग्लिश क्लबचा छोटा समर्थक ब्रॅडली लावरी. पाच वर्षांचा, दुर्मीळ कर्करोग. सप्टेंबर २०१६ मध्ये एव्हर्टनबरोबरच्या मॅचला तो टीमबरोबर मैदानात आला, पाचव्या मिनिटाला दोन्हीकडचे प्रेक्षक त्याच्या नावाने गायला लागले आणि त्याच्या उपचारांसाठी एव्हर्टनने दोन लाख पौंड दिले. तेव्हा तो जिवंत होता, ते ऐकत होता. जुलै २०१७ मध्ये गेला, सहा वर्षांचा. पाचवं मिनिट काय आणि सहावं काय, इतक्या लवकर येतं मॅचमध्ये. लोक अजून खुर्च्या शोधत असतात. मला तर त्या लहान आकड्यानेच गलबलून येतं.

आणि दुसरं. जुलै २०१४ मध्ये मलेशियाचं एमएच१७ विमान युक्रेनवर पाडलं गेलं. त्यात न्यूकॅसलचे दोन समर्थक होते, टीमच्या सरावाच्या मॅच बघायला थेट न्यूझीलंडला निघालेले. मग न्यूकॅसलचे प्रेक्षक त्या हंगामात १७व्या मिनिटाला उभे राहून टाळ्या वाजवायचे. फुलांसाठी पैसे कोणी गोळा केले? संडरलँडच्या माणसांनी. त्यांचे पिढ्यानपिढ्यांचे वैरी! शंभर पौंडांचं पुष्पचक्र ठरलं होतं, जमले ३० हजारांच्या वर.

त्या दोघांतला मोठा प्रत्येक मॅचला काळा सूट घालून यायचा. बाकीचे प्रेक्षक त्याला 'अंडरटेकर' (अंत्यविधीची व्यवस्था करणारा) म्हणायचे. डावा_विंगर, वाचून तुमचे माकडटोपीवाले काका आठवले.

---

गोपाचल (ग्वाल्हेर) | बुधवार, दुपारी १२.१०

वैऱ्यांनी पैसे जमवले हे माहीत नव्हतं. बरं, थर्मासकाकांपुरता विरोध मागे.

---

चिवडा_लिंबू | बुधवार, दुपारी १२.३०

एक शंका. माझी पणजी ९६ वर्षांची होऊन गेली. तिच्यासाठी एक्स्ट्रा टाइम घ्यावा लागेल का?

---

बघ्या | बुधवार, दुपारी १२.३४

आणि जो ४५ आणि ४६च्या मध्ये गेला त्याचं काय? हाफटाइमला चहा पिताना वाजवायच्या?

---

ऑफसाइड_आजोबा | बुधवार, दुपारी १२.५०

मी ८१ पूर्ण केली आहेत. तुम्हाला नऊच मिनिटं उरतील, जोरात वाजवा.

---

सुमेधा_र | बुधवार, दुपारी १२.५२

आजोबा!! काहीही काय बोलता.

---

डावा_विंगर (इंदूर) | गुरुवार, रात्री १०.२०

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सुरसागर, तुमच्या जोरांचा किस्सा मी काल आमच्या गोलकीपरला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "चहा मी आणतो."

आज काकांच्या घरी जाऊन आलो. पोहेवाल्याने पत्ता काढून दिला. काकू आणि पुण्याहून आलेली मुलगी होती. मी कोण हे सांगायला पंचाईत झाली, कारण "तुमच्या बाबांचा मित्र" म्हणावं तर नाव माहीत नाही. म्हटलं, "रविवारी फुटबॉल..." मुलगी एकदम आत वळून म्हणाली, "आई, घरी नेणारेस का बॉल आलेत!" म्हणजे आमचं नाव त्यांच्या घरी हे होतं.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. फुटबॉल कधीच खेळले नव्हते. डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं होतं, चालून कंटाळा आला की बसायला आमचं मैदान सापडलं. काकू म्हणाल्या, चालायचं तर दुसऱ्याच आठवड्यात बंद झालं.

७१च्या हिशोबाबद्दल मुलाने सुचवलंय, ६० संपल्यावर पुढे ११, म्हणजे दुसऱ्या हाफच्या ११व्या मिनिटाला. गणित चुकीचं आहे हे मलाही कळतं. दुसऱ्या हाफचं ११वं म्हणजे ४१वं. पण आता ठरलंय. महूवाल्यांना फोन केला, तेही तयार. त्यांच्या कप्तानाने काकांचा चहा चार वेळा प्यायलाय.

---

तिसरी_घंटा | गुरुवार, रात्री १०.४५

टाळ्या की मौन, ते ठरलं का?

---

डावा_विंगर (इंदूर) | गुरुवार, रात्री १०.५०

नाही. गोलकीपर मौनावर अडून आहे, मुलगा टाळ्यांवर. मी मधे डाव्या विंगला उभा.

---

हुगळीकाठचा | शुक्रवार, सकाळी ८.३०

मग दोन्ही नको. त्यांचं वाक्यच म्हणा.

---

भिया_इंदोरी | शुक्रवार, सकाळी ८.४१

+१. अख्ख्या धाग्यातला एकमेव कामाचा प्रतिसाद. (माझे धरून.)

---

डावा_विंगर (इंदूर) | रविवार, दुपारी १.१५

वृत्तांत देतो.

सकाळी काकांची घडीची खुर्ची मुलीने आणून नेहमीच्या जागी लावली. काकू आल्या होत्या, पण त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, पोह्याच्या गाडीच्या बाकावर बसल्या. थर्मास खुर्चीवर. सुरुवातीला मौन ठेवलं, गोलकीपरच्या समाधानासाठी. मी मोजलं नाही. कुत्रं भुंकलं, मागून एका रिक्षाने लांब हॉर्न दिला, आणि तिसरी_घंटा म्हणतात तसं मागून एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "कोण गेलं?" पण त्याला उत्तर मिळालं.

हाफटाइमला चहा. आधी महूवाल्यांना. गोलकीपरने साखर इतकी घातली होती की झाकण हाताला चिकटत होतं.

मग ११वं मिनिट. ठरल्याप्रमाणे बाहेर बसलेले, पोहेवाला, त्याची गिऱ्हाइकं, महूचे बदली खेळाडू, सगळे एका दमात ओरडले: "अरे पास दे, पास! घरी नेणारेस का बॉल?" आवाज एवढा झाला की शेजारच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या. त्या क्षणी बॉल माझ्याच मुलाकडे होता, आपल्या गोलसमोर, एकटा. तो इतका दचकला की त्याने खरंच पास दिला. महूच्या फॉरवर्डला. गोल.

एक क्षण कोणालाच कळेना हसावं की काय करावं. मग काकूंनी बाकावरून टाळ्या वाजवल्या. म्हणजे शेवटी त्याही वाजल्याच.

आम्ही ३-१ ने हरलो.

---

ऑफसाइड_आजोबा | रविवार, दुपारी १.४०

गोल मोजला का? दचकवून घेतलेला गोल आहे, माझ्या मते फेरविचार व्हावा.

---

गोपाचल (ग्वाल्हेर) | रविवार, दुपारी २.०५

मोजणारच. काकांनीच असिस्ट केलाय.

---

सुमेधा_र | रविवार, दुपारी २.३०

काकांचं नाव कळलं का शेवटी?

---

डावा_विंगर (इंदूर) | रविवार, दुपारी ४.१०

कळलं. इथे लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. खुर्ची परत नेली, थर्मास मात्र काकूंनी गोलकीपरकडे ठेवलाय. म्हणाल्या, "साखर निम्मी घाल."